अग्निजाला मारायची परवानगी

माझा जीव घ्यायची परवानगी मागायला दोन जण भर दुपारी आमच्या दारात आले, तेव्हा आई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती आणि मी कावळे हाकायच्या निमित्ताने तिच्याजवळ नुसती बसून होते. बारावीची परीक्षा संपली होती. घराबाहेर पडायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि एक अक्षर न बोलता पप्पांनीही तेच ठरवलं होतं. त्यामुळे एवढ्याशा घरात आम्ही दोघं एकमेकांना चुकवत वावरत होतो.

खाली स्कूटर थांबली. एक लांबुळका, चष्मेवाला मुलगा उतरला आणि त्याच्या मागून निळी ओढणी डोक्यावरून घेतलेली एक मुलगी. मुलाने वर बघून विचारलं, उल्का इथेच राहतात का?

"इथं कोण उल्का न्हाई," आई म्हणाली. "पुढच्या गल्लीत बघा."

उल्का मीच होते. पण हे नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या कराडात तर कुणालाच नाही. ते नाव इंटरनेटवरच्या एका गटातलं होतं. 'काझेयामा' नावाच्या एका जपानी ॲनिमे मालिकेने आम्हा काही मराठी पोरापोरींना पार वेड लावलं होतं. डोंगरावरची एक शाळा, तिथली मुलं हातापायांनी लढतात, एवढीच मूळ गोष्ट. मालिका संपली तरी आमचं मन भरेना, म्हणून त्याच डोंगरावर आम्ही आपापली पात्रं सोडली आणि पुढची गोष्ट आळीपाळीने लिहू लागलो. मूळ मालिकेत जादूबिदू काही नव्हती. ती आमची भर. आम्ही बुक्कीला मंत्राची जोड दिली आणि लाथेला वाऱ्याची.

असल्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचे काही संकेत असतात, आणि ते आम्ही सोवळ्यासारखे पाळायचो. वार करण्याआधी त्याचं नाव पूर्ण आणि मोठ्याने घ्यायचं. नाव घेऊन होईपर्यंत शत्रूने थांबायचं, मधे हात उचलायचा नाही. नाव घेऊन केलेला वार फुकट जात नाही. उडी मारलेल्या माणसाला जमिनीवर पाय टेकायच्या आत आपलं सगळं बालपण आठवता येतं. जादू केली की करणाऱ्याचं काहीतरी जातं, कुणाचा आवाज, कुणाची एखादी आठवण. आणि शेवटच्या लढाईआधी कुणीतरी जवळचं मरावंच लागतं, त्याशिवाय नायकाची शक्ती जागी होत नाही. आज हे सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा यातल्या एकेका नियमावरून आम्ही हमरीतुमरीवर यायचो.

एक नियम मात्र आमचा स्वतःचा होता. दुसऱ्याचं पात्र त्याला विचारल्याशिवाय मारायचं नाही. कुणी लिहिता लिहिता गप्प झालं, तर त्याच्या पात्राला पाचव्या शिखरावरच्या गुहेत समाधीला बसवायचं आणि दाराशी एक दिवा ठेवायचा. मालक परत आला की पात्र उठेल. मारायचंच झालं, तर मालकाचा होकार त्याच्या तोंडून घ्यायचा. माझी अग्निजा हिवाळ्यापासून त्या गुहेत बसलेली होती.

मी खाली जाऊन दार उघडलं. आईही हाताचं पीठ पुसत मागोमाग आली. मुलाने तिला वाकून नमस्कार केला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "मी काळहंस. ही हिमज्वाला."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती मुलगी शहाणी निघाली. तिने पुढे होऊन सांगितलं, की ती मिरजेची यास्मिन मुजावर आणि हा पुण्याचा ओजस गुंजाळ. तृप्तीला, म्हणजे मला, दिवाळीत तिने भेटकार्ड पाठवलं होतं, त्याच पत्त्यावर शोधत आले. मिरजेचं नाव निघताच आई निवळली. तिची मावशी तिथे दिली होती. तिने दोघांना आत बसवलं आणि ती कोकम सरबत करायला गेली.

ओजसने बसल्या बसल्या कामाला हात घातला. शेवटची लढाई तोंडावर आली होती आणि नायकाची शक्ती काही केल्या जागी होत नव्हती. सगळ्यांनी बसून विचार केला, आणि मरायला अग्निजाइतकं योग्य कुणीच सापडेना. मी तर कळवूनही उत्तर देत नव्हते. म्हणून नियमाप्रमाणे समक्ष विचारायला ते आले होते. "तुझी हरकत नसेल तर आम्ही तिला मारतो," तो म्हणाला. "पण फार सुंदर मारू." आत चमचा ढवळायचा आवाज थांबला.

मी मारा म्हणणारच होते. अग्निजा मेली असती, तर उल्का आपोआप मेली असती आणि ही दोघं चहापाणी करून निघून गेली असती. मला फक्त एवढंच हवं होतं, की आतल्या खोलीचा पडदा हलू नये. पडद्याआड पप्पा होते.

माझे वडील, दिगंबर ठोंबरे, गावात ठोंबरे सर म्हणून ओळखले जायचे. त्यांचा वज्रमुष्टी कराटे क्लास होता. त्यांची लाथ खरीच देखणी होती आणि शिस्त कडक होती, पण क्लास भरायचा तो वायुबंधासाठी. पप्पा चार हातांवर उभे राहायचे, तळवा मागे ओढायचे, 'वायुबंध' अशी आरोळी ठोकायचे आणि तळवा पुढे करायचे. समोरचा मुलगा त्यांचं बोटही न लागता आडवा व्हायचा. पालक टाळ्या वाजवायचे. मी दुधाचे दात पडायच्या वयात पहिल्यांदा पडले आणि तेव्हापासून माझ्याइतकं छान कुणी पडत नाही असं सगळे म्हणायचे. वडील असेच असतात असं मला वाटायचं. गटात लिहायला लागले तेव्हा अग्निजाचा गुरू लिहिताना मला फार विचार करावा लागला नाही. मौनगुरू लांबूनच मारायचे आणि त्यांच्या वाराचं नाव होतं निःस्पर्श.

मग हिवाळ्यात गावात क्रीडा महोत्सव झाला. सभागृह गच्च भरलं होतं. पप्पांनी प्रेक्षकांतून कुणीतरी यावं असं आवाहन केलं आणि कोल्हापूरकडचा एक ज्युदो खेळणारा मुलगा मंचावर आला. टोपी काढून त्याने पप्पांना नमस्कार केला. पप्पांनी आरोळी ठोकली. तो उभा राहिला. पप्पांनी पुन्हा ठोकली. तो उभाच. मग त्याने अगदी आदराने, खरोखर काळजी वाटून विचारलं, "सर, मारलं का?"

लोक हसले. पप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला हाक मारली. मी पुढे गेले. त्यांचा हात अजून पुरता वरही गेला नव्हता, तोच मी सपशेल आडवी झाले. त्या वेळी सभागृह जे हसलं, तसं ते त्या मुलाच्या वेळीही हसलं नव्हतं. मी चटईवर पडून छताचे पंखे बघत राहिले. उठायचं कसं तेच मला कळेना. उठले तर लोक हसणार होते, आणि पडून राहिले तरी हसणारच होते.

कुणीतरी मोबाईलवर हे सगळं टिपलं आणि ते फिरत फिरत आमच्या गटातही आलं. टाकलं होतं याच ओजसने. चित्रात माझी फक्त पाठ दिसत होती आणि नावगाव काही नव्हतं. वर त्याने गमतीने लिहिलं होतं, 'उल्का, तुझे गुरुजी सापडले.' खाली सगळ्यांनी हसून घेतलं होतं, यास्मिननेही. 'सर, मारलं का?' हे गटाचं पालुपदच होऊन बसलं. कुणाचा वार जरा कच्चा लिहिला गेला, की खाली तेवढंच लिहायचं. मी तो गट पुन्हा उघडला नाही.

क्लासातली मुलं एकेक करून गळली. पप्पांनी कुलूप घालून किल्ली खिळ्याला अडकवली. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. पण आमच्यामध्ये एकच प्रश्न उभा होता. मी खरंच वार लागून पडत होते की नाही, हा. तो ते आज विचारतील की उद्या, या धास्तीने मी त्यांच्यासमोर जेवायलाही बसत नव्हते.

आणि आता हीच दोघं आमच्या घरात सरबत पीत होती.

पडदा हलला. अंगात शर्ट घालत पप्पा बाहेर आले. पाहुणे आले की घरधन्याने बाहेर यावं, एवढंच त्यांच्या मनात असणार. यास्मिन उठून उभी राहिली. ओजसचा पेला मात्र तोंडापाशी थांबला. त्याने पप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पप्पांकडे. त्याचा चेहरा आधी उतरला आणि मग कानापर्यंत लाल झाला.

"सर," तो म्हणाला, आणि पेला खाली ठेवून उभा राहिला.

ती नजर पप्पांच्या ओळखीची झाली होती. दूध आणायला गेलं तरी तीच भेटायची. ते समोरच्या खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "बघितलंय वाटतं तुम्ही बी."

मला पप्पांची लाज वाटली. लगेच, अशी लाज वाटली म्हणून स्वतःची वाटली. आणि आता उल्का, अग्निजा, मौनगुरू सगळं घरात उघड्यावर पडणार म्हणून आणखी एकदा वाटली.

पप्पांनी विचारलं, "पोरीला मारायचं मारायचं चाललंय मघापासून, ते काय प्रकरण आहे?"

ओजस आपल्या पेल्यातच बघत राहिला, म्हणून यास्मिनने सांगायला घेतलं. ती बोलायला लागली की ऐकणारा जागचा हलत नसे. तिने डोंगर सांगितला, शाळा सांगितली, पात्रं सांगितली, गुहा आणि दिवा सांगितला. पप्पा मान हलवत ऐकत होते. क्लासात नवीन मुलगा काही करून दाखवायचा तेव्हा ते असेच ऐकायचे. मधे मधे ते विचारायचे. वाराचं नाव घेतात का? तोवर समोरचा थांबतो का? नाव घेतलेला वार चुकतच नाही?

"नाही सर," यास्मिन म्हणाली. "तसा नियमच आहे आमच्यात."

"झकास नियम आहे," पप्पा म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कडेला जरासं हसू आलं. इतक्या महिन्यांत ते हसले नव्हते, आणि हसायला त्यांना नेमकी हीच गोष्ट सापडावी याने मला रडू येईल असं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, की ही अग्निजा मरते कशी.

यास्मिनने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली होती. तिने आवाज उतरवून सांगितलं. शत्रूने मौनगुरूंवर भूल घातलेली असते. त्यांना आपलाच नायक वैरी दिसू लागतो. ते हात मागे ओढतात, निःस्पर्शाचं नाव घेतात. गुहेत समाधीला बसलेल्या अग्निजाच्या कानांवर गुरूंचा आवाज पडतो, ती डोळे उघडते, दाराशी ठेवलेला दिवा ओलांडून धावत येते आणि दोघांच्या मधे उभी राहते. वार तिला लागतो. ती पडते. तिला पडलेलं पाहून नायकाची शक्ती जागी होते.

पप्पा खुर्चीत जरा पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, "हा मौनगुरू हात न लावता मारतो?"

"हो सर."

"आणि तो हिनं लिहिला?"

"पहिल्यापासून तिनंच." यास्मिन अडखळली, पण तिने सांगितलंच. "सगळ्यांत लाडका आहे तो आमचा. मी स्वतः लिहिताना त्याला आधी मानाच्या जागी बसवूनच पुढं जाते."

स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली होती. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या टेबलावरचा रिकामा पेला त्यांनी उगाच जरा सरकवला.

"ती पडते," ते म्हणाले, "तवा तिला लागलेलं असतं का?"

"म्हणजे सर, मरतेच ती," यास्मिन म्हणाली.

"तुला न्हाई विचारत, बाळ. पात्र हिचं आहे न्हवं? मालकाला विचारायचं असा नियम आहे म्हणालीस तुमच्यात."

महिनोन्महिने मी ज्या प्रश्नापासून पळत होते, तो असा माणसांत बसून, कुणा भलत्याच मुलीविषयी विचारावा तसा त्यांनी विचारला. आणि नियम आमचाच होता. दुसऱ्या कुणाला उत्तर देता येत नव्हतं. ओजस जमिनीकडे बघत होता. बाहेर गच्चीवर कावळे कुरडयांवर तुटून पडले होते, पण आई हाकायला वर गेली नाही.

लागतं असं म्हटलं असतं, तर पप्पांना बरं वाटलं असतं, असं मला वाटलं. पण ते खोटं आहे हे त्यांना कळलं असतं, आणि मग ते मला पुन्हा कधीच काही विचारणार नाहीत हेही मला कळत होतं.

"नाही लागत," मी म्हणाले. "ती मुद्दाम नाही पडत. पण लागत नाही. गुरूंचा आवाज आला की पाय आपोआप सुटतात तिचे. लहानपणापासून तसंच आहे. पडलं नाही तर त्यांना कसं वाटेल, असं तिला वाटत असेल. तिला तरी कुठे ठाऊक आहे."

ओजस एकदम बोलला. "सर, ते चित्रीकरण आमच्यात मीच टाकलं होतं. मला माहीत नव्हतं की तुम्ही..."

पप्पांनी त्याला थांबवायला हात वर केला. साधा, नुसता थांब म्हणायला. पण तळवा वर जाताच आम्हा सगळ्यांचे डोळे त्या तळव्यावर गेले. पप्पांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात खाली घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला.

"आता गुरूचं कोण सांगणार?" ते म्हणाले. "त्याला म्हाईत असतं का?"

मी म्हणाले, की ते आम्ही अजून ठरवलं नव्हतं.

"मग लिहा, म्हाईत असतं." ते मांडीवरच्या हाताकडे बघत बोलत होते. "पहिला पोरगा पडला, तवा गुरूला वाटलं, साधलं आपल्याला. खरंच वाटलं त्याला. मग एक दिवस हात पुढं जायच्या आधीच एक जण पडला. तवा गुरूला कळलं. पण तवर पडणारे लई झाले हुते, टाळ्या वाजत हुत्या, आणि पुढं त्याची स्वतःची पोरगी उभी हुती पडायला. आता तिला काय सांगणार तो? म्हणून गप बसला." त्यांनी यास्मिनकडे पाहिलं. "तुमच्यात जादू केली की काहीतरी जातं म्हणालीस ना? त्याचं तेच गेलं म्हणून लिहा. पोरीला तोंड दाखवायचं."

मी मान वर केली नाही. त्या दिवशी मंचावर जेवढी लाज वाटली होती, त्याहून जास्त मला आता वाटत होती, कारण आता ती दोघांची होती आणि दोघांना ठाऊक होती. आई पदराने डोळे पुसून आत गेली आणि तिने पाहुण्यांसाठी पोहे टाकले.

पोहे खाऊन दोघं निघाली. ओजसने पप्पांना वाकून नमस्कार केला. तो उगाच काही बोलला नाही, यासाठी मी अजून त्याचं नाव चांगलंच घेते. स्कूटरपाशी यास्मिनने माझा हात धरून हळूच विचारलं, मग अग्निजाचं काय करायचं?

मी मारू नका म्हणून सांगितलं. समाधीतच असू दे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगते.

मी आत आले तेव्हा खिळ्यावर किल्ली नव्हती. पप्पा पायात चपला सरकवत होते.

"चल," ते म्हणाले.

क्लास गल्लीच्या टोकालाच होता. जाताना पानपट्टीवर उभ्या असलेल्या एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. ते मी पाहिलं, पप्पांनीही पाहिलं, आणि आम्ही चालत राहिलो. कुलूप गंजून बसलं होतं, ते त्यांनी झटका देऊन उघडलं. आत धूळ साचली होती. त्यांनी एक चटई ओढून मधे पसरली आणि तिच्यावर बोट दाखवलं.

"हुबी ऱ्हा."

मी जागेवर उभी राहिले. ते समोर चार हातांवर उभे राहिले, नेहमीच्या जागी. तळवा मागे ओढला. ते वायुबंध म्हणाले, पण आरोळी न ठोकता, कुणाला नाव सांगावं तसं साध्या आवाजात, आणि तळवा पुढे केला.

माझं अंग मागे जाऊ लागलं. छताचे पंखे मला दिसायला लागले होते. मी दात आवळून पाय रोवले आणि पडले नाही.

पप्पा हलले नाहीत. हात तसाच पुढे धरून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि मीही त्यांच्याकडे बघत राहिले. हिवाळ्यापासून आम्ही पहिल्यांदाच एकमेकांकडे बघत होतो. मग त्यांनी हात खाली घेतला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि गुडघ्यावर बसून माझा पाय नीट न्याहाळला.

"मागची टाच उचलली हुती," ते म्हणाले. "पाय रुंद ठेव. पुन्हा."